वेड्या राघूंची दरड

शिंक येऊ नये म्हणून विजयश्रीनं नाक दोन बोटांत घट्ट दाबून धरलं होतं. तरी ती आलीच. आणि अशी आली, की डोक्यावरून पांघरलेली हिरवट जाळी खांद्यावर घसरली, दुर्बिणीची तिपाई कलंडली आणि समोरच्या तारेवर चोचीत चतुर धरून बसलेला वेडा राघू भुर्रकन उडून गेला.

"आयला... गाठोडं जितं हाय की," मागून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. बाभळीच्या सावलीच्या कडेला एक उंच तरुण उभा होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बुटांवर मुरमाची तांबडी धूळ, आणि ओठ असे मिटलेले, की हसू आत कोंडलंय हे कुणालाही कळावं. त्याच्या मागून, महाळुंग्याच्या रस्त्याकडून, एक पिवळं पोकलेन डुलत डुलत येत होतं.

"ते मशीन आधी थांबवा," विजयश्री म्हणाली.

"का?"

"थांबवा. मग सांगते."

त्यानं हात वर केला. पोकलेन थांबलं, घरघर बंद झाली, आणि एकदम इतकं शांत झालं, की पलीकडच्या गोदामात कुणीतरी पत्रा ओढत होतं तेही ऐकू येऊ लागलं.

"आता सांगा, मॅडम. जागा आमची आहे, मशीन आमचं आहे, अन् दमदाटी मात्र तुमची."

"सोपानराव तुमचे कोण?"

"वडील."

"त्यांनीच मला इथं बसायची परवानगी दिलीय. म्हणाले, बस की पोरी, बघितल्यानं काय झिजतंय."

"आन् मला म्हणाले, उद्यापासून दरड उचलायला घे." तो आता खरोखरच हसला. "आमचे दादा असेच आहेत. कुणालाच नाही म्हणत नाहीत."

दरड तशी मोठी नव्हती. कधीकाळी कुठल्याशा कारखान्याच्या भरावासाठी टेकडीचा एक घास तोडून नेला होता, त्याची ती उरलेली उभी भिंत. एका अंगाला गोदामांची छपरं, दुसऱ्या अंगाला काळपट पाणी वाहणारा ओढा. आणि त्या तांबूस भिंतीत मुठीएवढी गोल भोकं. विजयश्रीनं तिपाई उभी केली, दुर्बीण नीट लावली आणि त्याला बोलावलं. तो वाकला. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला.

"हा तर येडा राघू."

"वेडा अजिबात नाही. एवढाच तर माझा अभ्यास आहे. ह्या भिंतीतल्या बिळांमध्ये अंडी आहेत. तुम्ही आज खोदलंत, तर सगळी गेली."

"एवढ्याशा पाखरानं हे खोदलं? मुरमात?"

"चोचीनं. आणि पायांनी माती मागं उडवत. तुमच्या मशीनसारखंच... फक्त डिझेल लागत नाही."

तो सरळ उभा राहिला. दरडीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कधीपर्यंत थांबायचं?"

"पिल्लं उडेपर्यंत. एप्रिल संपेल."

त्यानं मान हलवली, म्हणजे नाही म्हणणार असंच तिला वाटलं. पण तो ऑपरेटरकडे वळून म्हणाला, "भावा, घे मागं. वरच्या अंगानं सुरू करू." आणि जाता जाता, अगदी गंभीरपणे, "दादांना मी सांगतो. पण मॅडम, ती शिंक... ती तेवढी बघा. पाखरं काय, आमचा ड्रायव्हरपण दचकला."

त्याचं नाव गणराज. हे तिला ऑपरेटरनं नंतर सांगितलं, न विचारता.

विजयश्री रहाटणीत वाढली होती. वडील दत्तोबा लातूरकडून कामाला आले आणि कंपनीत फिटर झाले. तिनं लहानपणी पाखरं बघितली ती खिडकीतून, विजेच्या तारांवर बसलेली. जंगलातली पाखरं बघायला बाकीचे होतेच. तिला बघायची होती ती कारखान्यांमध्ये राहायला शिकलेली. म्हणून पीएच.डी.साठी तिनं चाकणचा पट्टा निवडला, तेव्हा तिच्या बरोबरच्या मुली हसल्या होत्या. ती रोज पहाटे स्कूटी काढायची, तळवड्यावरून इंद्रायणी ओलांडायची, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत ह्या दरडीपाशी यायची आणि जाळी पांघरून बसायची.

मार्चच्या मध्यावर तिची अभ्यासातली जोडीदारीण सायली टायफॉईडनं आजारी पडली. नेमका प्रयोग सुरू करायच्या वेळी. विजयश्री बाभळीखाली डोकं धरून बसली असताना गणराज मोटारसायकलवरून आला. हल्ली तो रोज यायचा. मशीन बघायला, असं म्हणायचा. मशीन वरच्या अंगाला होतं, आणि तो खालच्या अंगाला यायचा.

"काय झालं?"

"मला एक माणूस हवाय. नुसता बसून राहणारा."

"मग तुम्ही बरोबर घरात विचारताय. आमचे दादा म्हणतात, हा पोरगा बसून राहण्यात पटाईत आहे."

तिनं त्याला समजावून सांगितलं. वेडा राघू अंड्यांवर बसलेल्या मादीसाठी चोचीत किडा घेऊन येतो, पण सरळ बिळात शिरत नाही. आधी तारेवर बसून बघतो, कुणी आपल्यावर डोळा ठेवून आहे का. शत्रूला घर कळू नये म्हणून. "पण माझा प्रश्न वेगळा आहे. त्याला नुसता माणूस जवळ आला की भीती वाटते, की त्या माणसाला बीळ दिसतंय हे त्याला समजतं? म्हणून तुम्ही कधी त्या दगडावर बसायचं, तिथून बीळ दिसतं. कधी झुडपामागं, तेवढ्याच अंतरावर, तिथून दिसत नाही. मी इकडून वेळ मोजणार."

"आन् बोलायचं कसं? ओरडून?"

"फोनवर. हळू."

तो दगडावर जाऊन बसला. फोन कानाला. राघू आला, तारेवर बसला, चोचीतली माशी तारेवर दोनदा आपटली आणि थांबला. थांबूनच राहिला.

"जात नाही हो," फोनमध्ये कुजबुज आली.

"तुम्ही बिळाकडे बघताय."

"तुम्हीच तर सांगितलं बघायला."

"हो. आता बघू नका. मान वळवा. बघू या काय करतो."

"मग कुणीकडं बघू?"

"कुणीकडंही."

 मग, आणखी हळू आवाजात... "आता तुमच्याकडं बघतोय."

विजयश्रीनं दुर्बिणीवरून डोळा काढला. मधे ऊन होतं, वाळलेलं गवत होतं, आणि त्या टोकाला तो दगडावर बसून खरोखरच तिच्याकडे बघत होता. तिनं घाईनं पुन्हा डोळा लावला. तार मोकळी होती.

"गेला," ती म्हणाली.

"गेला ना? मग हाच उपाय चांगला आहे, मॅडम. रोज हाच करू."

"प्रयोगात असं चालत नाही. आता झुडपामागं जा."

"तिथून तुम्ही दिसत नाही."

"गणराज..."

"जातो की. नाव घेऊन सांगितल्यावर कोण थांबतंय."

ती पेन हातात धरून बसली. वेळ लिहायची राहूनच गेली होती.

असे दिवस गेले. प्रयोगातून दिसत होतं ते असं, की वेडा राघू खरंच वेडा नाही. माणूस तेवढ्याच अंतरावर असला, तरी त्याला बीळ दिसत नसेल तर राघू बिनधास्त आत जायचा. "म्हणजे समोरच्याला काय दिसतंय ते ह्याला कळतं," गणराज म्हणाला होता. "माणसांनापण एवढं कळत नाही."

तो घरून माठ आणून बाभळीखाली ठेवायचा, त्यावर ओलं फडकं. कधी ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आणि सदा न कदा पुतणीच्या गोष्टी. ईश्वरी नावाची चार वर्षांची पोर. ती आज कोंबडीला शाळेचा युनिफॉर्म घालत होती, ती आज डंपरचा हॉर्न वाजवून आली. थोरला भाऊ ज्ञानेश अपघातात गेला, हे त्यानं एकदा सांगितलं होतं, एका वाक्यात, आणि लगेच दुसरं काहीतरी काढलं होतं. विजयश्रीनं पुढं विचारलं नाही. पोरीबद्दल बोलताना त्याचा आवाज किती मऊ होतो, एवढंच ती ऐकत राहिली.

एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी वळीव आला. आधी वारा, मग पत्र्यांवर तडतड करत गारा. दोघांनी धावत जाऊन ताडपत्री दरडीच्या माथ्यावर ओढली, वरून येणारं पाणी दुसरीकडे वळवायला फावड्यानं चर काढला, आणि पार भिजून पोकलेनच्या केबिनमध्ये शिरले. केबिन एका माणसाची. ती सीटवर, तो दाराशी वाकून. काचेवरून पाणी ओघळत होतं. तिच्या केसांतून एक गार हळूच घरंगळली आणि त्याच्या हातावर पडली. त्यानं ती झटकली नाही. तळहातावर घेतली, विरघळेपर्यंत बघत राहिला.

"थंडी वाजतेय?"

"नाही."

"मग थरथरताय कशानं?"

तिनं ओढणी खांद्यांभोवती ओढून घेतली. त्याचा ओला हात सीटच्या कडेवर होता, तिचा त्याच्या शेजारी. करंगळीला करंगळी लागली... आणि तशीच राहिली.

"विजयश्री," तो म्हणाला. मॅडम नाही, पहिल्यांदाच नाव. "मला तुला..."

"काय?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. नंतर कितीतरी दिवस ती त्या नजरेचा अर्थ लावत राहिली. मग त्यानं हात काढून घेतला आणि काच पुसली. "पाऊस उघडलाय," तो म्हणाला. "राघू बघून येऊ."

बिळं शाबूत होती. त्या संध्याकाळी घरी जाताना ती तळवड्याच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी उभीच राहिली आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला.

दोनेक दिवसांनी तो आला तेव्हा तिनं ओढणी नीट केली, उगाचच. अर्धं राहिलेलं वाक्य आज पुरं होईल असं तिला वाटत होतं. अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती, भिंतीतून त्यांची बारीक किरकिर ऐकू येत होती. तिनं त्याला दुर्बिणीपाशी बोलावलं.

"हे बघा. ह्या बिळावर तीन राघू आहेत."

"तीन?"

"आई, बाप, आणि तो शेपटीतलं काडीसारखं पीस तुटलेला. तो मदतनीस."

"म्हंजे?"

"ह्यांच्यात असं असतं. एखाद्या नराला जोडीदारीण मिळत नाही, किंवा घरटं मोडतं. मग तो नात्यातल्या दुसऱ्या घरट्यावर येतो आणि तिथली पिल्लं भरवतो. बहुतेक वेळा भावाच्या."

गणराजनं दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. "आन् त्याचं सोताचं?"

"त्या वर्षी राहून जातं."

"पुढच्या वर्षी?"

"कधी होतं, कधी नाही. नीट कुणालाच माहीत नाही अजून." ती हसत होती. मग तिला दिसलं, की त्याचा हात तिपाईवर आवळला गेलाय. "काय झालं?"

तो मागं सरला आणि बाभळीच्या बुंध्याला टेकून खाली बसला.

"आधीच सांगायला पायजे होतं तुला," तो म्हणाला. "रोज ठरवून यायचो. मग तू दिसायचीस, आन् म्हणायचो, उद्या."

"सांगा."

"ज्ञानेशदादा गेला त्याला आता वर्ष होईल. वहिनीचं वय काय, माझ्याएवढीच ती. तिच्या भावांनी तिच्यासाठी बिजवर बघितला, तशीच सासरी ठेवायला तयार नाहीत. त्याला बायको पायजे, पोरगी नको. आन् आमचे दादा कुणाला नाही म्हणत नाहीत, पण ह्या एका गोष्टीत अडून बसले. ज्ञानेशची खूण आहे, नात घरातनं जायची नाही म्हणाले. म्हंजे आईनं जायचं आणि पोरीनं राहायचं." त्यानं बाभळीचं वाळलेलं साल सोलून काढलं. "दिवाळीत वहिनी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. कधी मान वर करून बोलली नव्हती माझ्याशी. म्हणाली, भाऊजी, नुसतं नावाला तुमची म्हणा, पर मला पोरीपाशी ऱ्हाऊ द्या. मी हो म्हटलं. वर्षश्राद्ध झालं की आम्हा दोघांचा पाट लावायचा."

दरडीवर पिल्लं किरकिरत होती.

"दिवाळीत," विजयश्री म्हणाली.

"व्हय."

"मी आले मार्चमध्ये."

"व्हय."

"आणि तुम्ही सांगताय आज."

 तिनं तिपाई मिटली. दुर्बीण पिशवीत घालताना झाकण लागेना, तेव्हा तो उठू लागला. "बसा," ती म्हणाली. "मला येतं."

घरी आल्यावर ती झोपून राहिली. आईनं, कुसुमताईंनी, कपाळाला हात लावला. ताप नव्हता. "उन्हात बसून बसून करपलीयस," त्या म्हणाल्या आणि कैरीचं पन्हं करून ठेवलं. ती दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी गाईड मॅडमचा फोन आला, की पिल्लांच्या नोंदी आत्ता चुकल्या तर वर्ष गेलं. ती गेली.

बाभळीखाली माठ भरलेला होता. फडकं ओलं होतं. तो मात्र कुठे नव्हता. वरच्या अंगालाही पोकलेन बंद उभं होतं. ती एकटीच बसली, एकटीनंच नोंदी केल्या. तिला त्याचा राग येत होता. त्याहून जास्त राग ह्याचा, की मोटारसायकलचा आवाज आला की तिची मान अजूनही वळत होती.

आणि मग एका सकाळी ओढ्याच्या पायवाटेनं एक बाई आली. सावळी, सडपातळ, डोक्यावर पदर. कपाळ मोकळं. तिच्या बोटाला धरून एक चिमुरडी, पायात एक चप्पल लाल आणि एक निळी.

"मी प्रभावती," ती म्हणाली. "हिला पाखरं बगायची हायेत. काका रोज सांगायचा, आता सांगत न्हाई. म्हनून रडतीया."

विजयश्रीला ह्या बाईचा तिरस्कार करायचा होता. गेले कितीतरी दिवस ती तेच करत होती, चेहरा न बघता. आता चेहरा समोर होता, आणि तो थकलेला, साधा, तिच्याच वयाचा होता. तिनं दगड सरकवला, ईश्वरीला त्यावर उभं केलं आणि तिचा डोळा दुर्बिणीला लावून दिला. पोर श्वास रोखून बघू लागली.

दोघी जरा बाजूला सरकल्या.

"भाऊजींनी मला समदं सांगितलं," प्रभावती खालच्या आवाजात म्हणाली. "तुमचं नाव घेऊन. मी त्यास्नी म्हनलं, माझ्या पायात अडकू नगा. मी जाते भावाकडं."

"मग ते काय म्हणाले?"

"काय बी न्हाई. जेवले न्हाईत त्या दिशी." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ताई, मला त्यांच्याकडनं काय नगं. ह्यांच्या माघारी माझ्या मनात तसलं काय येत बी न्हाई. पर तुमास्नी बगून जावं वाटलं. तुमच्या मनात काय हाय, ते तुमी त्यास्नी सांगा. तुमी म्हनाल तसं मी करीन. खोटं न्हाई बोलत."

"आणि ईश्वरी?"

प्रभावतीनं दगडावरच्या लेकीकडे बघितलं. "ती हितं ऱ्हाईल. सासूबाई चांगल्या हायेत. खायला प्यायला करतील समदं." एवढं ती नीट बोलली. मग तिचा चेहरा अचानक वाकडा झाला आणि तिनं तो पदरात लपवला.

"आई," ईश्वरी दगडावरून म्हणाली, "ह्याला दोन बाबा हायेत."

 विजयश्री तिच्यापाशी गेली, दुर्बीण जरा खाली केली आणि म्हणाली, "एक बाबा आहे. दुसरा काका आहे."

"काका बी भरवतो?"

"हो. काकाही भरवतो."

एप्रिलच्या अखेरीला पिल्लं उडाली. एकेक करून बिळाच्या तोंडाशी आली, बाहेरच्या उन्हाकडे बघून परत आत गेली, आणि शेवटी एक धडपडत तारेपर्यंत पोचलं. मग बाकीची. विजयश्रीनं त्या दिवशी गणराजला स्वतः फोन केला. "दरड मोकळी झाली," एवढंच म्हणाली.

तो आला. दाढी वाढलेली. तिच्यापासून जरा लांब उभा राहिला आणि दोघं तारेवरच्या बुटक्या, आखूड शेपटीच्या पिल्लांकडे बघत राहिले.

"मला केरळात काम मिळालंय," ती म्हणाली. "धनेश पक्ष्याच्या अभ्यासाचं. जूनपासून. मॅडमनी आधीच विचारलं होतं, मी हो-नाही करत होते. काल हो म्हटलं."

"माझ्यामुळं?"

"थोडं तुमच्यामुळं. थोडं धनेशामुळं."

तो हसायला गेला, पण जमलं नाही. "विजयश्री, तू एकदा म्हण. मी शब्द मोडतो. दादांशी भांडतो, पोरीचं बघतो काहीतरी. तू फक्त म्हण."

गेल्या आठवडाभरात ती हे वाक्य त्याच्या तोंडून कितीदा तरी ऐकत होती, मनातल्या मनात. प्रत्येक वेळी ती हो म्हणायची. आता तो खरंच समोर उभा होता, आणि तिला प्रभावतीचा पदरात लपवलेला चेहरा आठवत होता.

"तुम्ही मोडाल," ती म्हणाली. "मला माहीत आहे. पण तुमचे वडील पोरीला सोडणार नाहीत, आणि तुम्ही त्यांच्याकडून तिला ओढून आणणार नाही. आई एकीकडे आणि लेक एकीकडे. आपण दोघं रात्री जेवायला बसू, आणि तुम्ही जेवणार नाही. मी विचारणार नाही, कारण मला कळेल. असा संसार मला नको."

"मग मला असं नुसतं सोडून..."

"मी नाही सोडत. तुम्ही स्वतःला दिवाळीतच देऊन टाकलेलं आहे, गणराज. चांगल्या कामाला दिलंय. माझ्याशी तेवढं खरं बोलायला हवं होतं... पहिल्याच दिवशी."

"राग आहे अजून?"

"आहे. राहू द्या तो. थोडे दिवस त्याच्यावर निघतील."

वारा सुटला. गोदामाच्या फाटकात एक कंटेनर मागं घेत होते, कुणीतरी येऊ दे, येऊ दे म्हणत होतं. तिनं तिपाई उचलली, परत खाली ठेवली.

"एक बोलते, मग जाते. पुन्हा बोलायची नाही, म्हणून नीट ऐका." तिचा आवाज बारीक झाला, पण तिनं तो थांबू दिला नाही. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. नुसतं आवडणं वगैरे नाही. इथं यायच्या आधी मला पाखरांशिवाय कशाची वाट बघायची सवय नव्हती... ती तुम्ही लावलीत. मी पहाटे रहाटणीहून निघायचे ना, ती पाखरांसाठी निघायचे आणि पोचायचे तुमच्यासाठी."

गणराजनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. ती दोन पावलं पुढं गेली, हात उचलला, आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवरची धूळ झटकली. तेवढंच.

"वहिनी म्हणू नका त्यांना आता," ती म्हणाली. "पाट लागल्यावर तरी. नावानं हाक मारा. बरं वाटेल त्यांना."

तो तिपाई घेऊन स्कूटीपर्यंत आला. मागच्या सीटला दोरीनं बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. "पोचलीस की फोन..." असं काहीतरी म्हणू लागला आणि थांबला.

"नको," ती म्हणाली.

"बरं."

तिनं स्कूटी सुरू केली. आरशात तो दिसत होता, मग वळण आलं आणि आरशात नुसता रस्ता राहिला. इंद्रायणीच्या पुलापर्यंत ती रडली नाही. पुलावर शिफ्ट सुटलेल्या बसच्या बस अडकल्या होत्या, खिडक्यांमधून पोरं वाकून बघत होती, म्हणून तिथंही नाही.

घरी कुसुमताई भाजी निवडत होत्या. दत्तोबा दुसऱ्या पाळीला गेले होते. विजयश्रीनं सामान दाराशी ठेवलं, चपला काढल्या आणि आईच्या समोर फरशीवर बसली. मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि निवडू लागली. पानं एकीकडे, देठ एकीकडे. थोड्या वेळानं पानं आणि देठ एकाच ढिगात पडू लागले.

कुसुमताईंनी तिच्या हातातली जुडी काढून घेतली.

"कोण होता?" त्यांनी विचारलं.

विजयश्रीनं वर पाहिलं. आईला काय आणि कधीपासून कळलं होतं, देव जाणे.

"होता एक."

"नाव काय?"

"गणराज."

कुसुमताईंनी ते नाव एकदा हळूच, स्वतःशीच म्हणून बघितलं, ठरलेल्या जावयाचं नाव बायका म्हणून बघतात तसं. मग ताट बाजूला सारलं आणि लेकीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.